मागच्या सीटवरची स्टेपनी

चाकाचा शोध लागला आणि माणूस देवांच्या पंक्तीला जाऊन बसला.

पहिलं पंक्चर झालं आणि तोच माणूस रस्त्याच्या कडेला जाऊन बसला.

मानवजातीचा उरलेला इतिहास या दोन बैठकांच्या मधला आहे. पण आपल्याला इतिहासाशी कर्तव्य नाही. आपल्याला कर्तव्य आहे ते पौडहून मालेकडे जाणाऱ्या रस्त्याशी, दोन हजार चार सालच्या अधिक श्रावणाशी, आणि एका माणसाच्या जिवाशी. तो जीव एका स्टेपनीवर टांगलेला होता.

घटना खरी आहे. ज्याच्यावर गुदरली, त्या निरंजनच्या तोंडून ऐकलेली.

आणि ती रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. भर दुपार होती. भुतांनाही हल्ली सवडीप्रमाणेच यावं लागतं.

निरंजन मूळचा वाशीमचा. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करायचा आणि घोटावड्याला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचा. बायको शुभांगी पौडची. सासरे बंडोपंत जुन्या गाड्या आणि जमिनी, दोन्हींची दलाली करत. दोन्हींत कागद चोख आणि माल किंचित कमी, अशी त्यांची ख्याती.

अधिकात जावयाला वाण देतात. ताटात अनारसे असतात, वर चांदीचा दिवा. बंडोपंतांनी दिव्याच्या जागी किल्ली ठेवली.

मोटारीची किल्ली!

दारात पांढरीशुभ्र गाडी. जुनी, पण नवा रंग, नवी सीटकव्हरं, वर गॅसचं किट बसवलेलं. सगळं पौड बघायला आलं.

"जावयाला जाळीदार वस्तू द्यावी असं शास्त्र आहे," बंडोपंत गंभीरपणे म्हणाले. "अनारशाला जाळी असते. गाडीलाही पुढं आहे."

निरंजननं घरी येऊन डिकी उघडली. आत गॅसची टाकी ऐसपैस बसली होती. स्टेपनी नव्हती. जॅक नव्हता. पानाही नव्हता.

त्यानं फोन लावला.

"मामा, गाडीत स्टेपनी नाही."

"टाकी आहे ना?"

"आहे."

"मग स्टेपनी बसेल कुठं?"

"पण पंक्चर झालं तर?"

"जावईबापू, गाडीची चाकं चार. पाचवं नुसतं झोपून असतं. ऐतखाऊ आपण पोसत नाही."

फोन ठेवला गेला.

निरंजन सावध स्वभावाचा. दुसऱ्याच दिवशी तो फाट्यावरच्या कोंडिबाच्या पंक्चरच्या दुकानात गेला. कोंडिबानं जुन्यातली एक स्टेपनी शोधली, हवा भरली, जॅक आणि पाना गोणपाटात बांधून दिला. डिकीत जागा नव्हती, म्हणून स्टेपनी मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. एखादी स्थूल मावशी प्रवासाला निघावी तशी ती दिसत होती.

चाक तपासायला कोंडिबा वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

चाकाच्या वरच्या पत्र्यावरचा पांढरा रंग त्यानं नखानं खरवडला.

खाली निळा होता…

"सायेब, ही गाडी तुमाला कुनी दिली?"

"सासऱ्यांनी. अधिकाचं वाण."

"अरं द्येवा." कोंडिबा उठून उभा राहिला. "ही तर मालेच्या एकनाथची गाडी. बंडोपंतांनीच इकली व्हती त्येला. तवाबी स्टेपनी काढून घेतल्याली. गेल्या साली भातलावनीत त्येच्या बायकूला, गोजराबाईला, जनावर डसलं. पावसाळ्यात साप म्हनत न्हाईत, जनावर म्हनायचं. एकनाथनं तिला मागच्या शीटवर घातली आन् पौडला निघाला. खिंडीत टायर फुटला. डिकी उघडली, तर आत निस्ता वारा!"

"मग?"

"मग काय, हात करून करून थकला. एक बी गाडी थांबंना. त्यातली एक वळकीची व्हती म्हनं, पर कुनाची ते त्यो सांगत न्हाई. बाई शीटवरच ग्येली."

"आणि गाडी?"

"बंडोपंतांच्या दारात आनून सोडली, किल्ली आत ठिवून. पैका बी मागितला न्हाई. आता त्यो वसरीवर येक चाक भरून ठिवतो. त्या रस्त्याला कुनाचं बी पंक्चर होऊ द्या, हाक मारायची, चाक न्यायचं, आपलं काम झालं की आनून ठिवायचं. लई जनांची सोय झाली बगा."

निरंजन घरी आला आणि शुभांगीला म्हणाला, गाडी परत करू.

"वाण परत करतात का कुठं?" शुभांगी कडाडली. "चारचौघांत आबांचं नाक कापायचंय का तुम्हाला?"

वाण परत करत नाहीत. गाडी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरंजननं गाडीचं दार उघडलं.

मागच्या सीटवर स्टेपनी नव्हती…

ती पुढच्या सीटवर होती. पट्टा लावून.

गाडीला कुलूप होतं. किल्ली त्याच्या उशाखाली होती.

त्यानं शुभांगीला विचारलं. तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं पुन्हा विचारलं नाही. स्टेपनी मागं टाकली, नायलॉनची दोरी घेतली, चांगल्या चार गाठी मारल्या.

सकाळी स्टेपनी पुन्हा पुढं. दोरी मागच्या सीटवर. गाठी कापलेल्या नव्हत्या, सोडवलेल्या होत्या. दोरीचं नीट वेटोळं करून ठेवलेलं.

आणि वेटोळ्याच्या शेजारी सीट दबलेली होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी…

त्यानं हात लावला. ओली होती. हाताला वास आला… लावणीच्या चिखलाचा.

निरंजन शिकलेला माणूस. त्यानं शास्त्रीय विचार केला आणि स्टेपनी पुढंच राहू दिली.

चार-सहा दिवस बरे गेले. मग एका रविवारी जेवणं उरकायच्या आत बंडोपंतांचा फोन आला. मुंबईची पार्टी धरणाकडची जमीन बघायला येणार होती. नेमकी त्यांची जीप चालू होईना. जी जीप कधी बंद पडली नव्हती, ती.

"या रस्त्याला मी वर्षभर फिरकलो नाही," गाडीत बसताना बंडोपंत पुटपुटले. "पण पार्टी मोठी आहे."

पुढच्या सीटवर स्टेपनी बघून ते हसले. "हिला मान दिलात होय? असू द्या. मी मागं बसतो. मालकानं मागंच बसावं."

निरंजनचा हात दारावर थांबला. मागं बसू नका म्हणावं, तर का म्हणून सांगावं? जावयाची जीभ सासऱ्यापुढं तशीही अर्धीच असते. त्यानं मागचं दार उघडून दिलं.

पाऊस झिमझिमत होता. शेतं पाण्यानं भरलेली. माणूस दिसत नव्हतं. बंडोपंत जमिनीचे भाव सांगत होते. एकदम थांबले.

"बरं, बरं, सरकतो."

निरंजननं आरशात बघितलं. बंडोपंत धोतर आवरून उजव्या दाराला खेटले होते.

"मामा, कोणाशी बोलताय?"

"तुम्हीच म्हणालात ना, जरा सरका?"

"मी काही बोललो नाही."



मागून नुसता श्वास ऐकू येत होता…

दोघांचा.

निरंजननं गाडी पळवली. माले जवळ आलं. खिंड आली. आणि…

फाट्!

मागचं डावं चाक बसलं. गाडी झोकांडी खाऊन थांबली.

"इथं नको," बंडोपंत कसल्यातरी पातळ आवाजात म्हणाले. "जावईबापू, इथं नको. तशीच काढा."

"मामा, टायर फुटलाय. पण काळजी नको, आपल्याकडं स्टेपनी आहे."

तो वळून पुढच्या सीटकडं बघतो तर…

पट्टा लावलेला होता. पट्ट्यात काही नव्हतं.

जॅक होता. पाना होता. गोणपाट होतं. स्टेपनी नव्हती. एवढं जड चाक धावत्या गाडीतून, त्याच्या कोपराजवळून गेलं होतं. आवाज न करता.

बंडोपंतांनी छातीवर हात दाबला. कपाळावर घाम फुटला. ओठ निळे पडू लागले.

मोबाईलला रेंज नव्हती. निरंजन रस्त्यात उभा राहिला. ट्रक आला, त्यानं दोन्ही हात केले. ड्रायव्हरनं त्याच्याकडं बघितलं आणि निघून गेला. मग एसटी आली. खिडकीतली माणसं बघत होती. नुसती बघत होती. एसटी गेली. मागोमाग एक जीप आली…

तीही गेली.

"नाही थांबणार," काचेतून बंडोपंत म्हणाले.

"का नाही थांबणार?"

"मी नव्हतो थांबलो."

पाऊस टपावर वाजत होता.

"एकनाथनं हात केला होता. मला वाटलं, स्टेपनीवरून भांडायला थांबवतोय. मागं ती आडवी होती. दिसली मला. मी… काच वर घेतली."

निरंजन पळत सुटला.

खिंड संपताच एकनाथचं घर रस्त्यालगतच होतं. तो ओसरीवर भाकरी खात होता. शेजारी भिंतीला चाक टेकवलेलं.

"स्टेपनी पाहिजे," निरंजन धापा टाकत म्हणाला.

"न्या की. कुटली गाडी?"

"पांढरी. म्हणजे… आधी निळी होती."

भाकरीचा घास हातातच राहिला.

"आत कोन हाय?"

"सासरे माझे. छातीत कळा येतायत."

"बंडोपंत?"

निरंजननं मान हलवली. एकनाथनं घास ताटलीत ठेवला. मग त्यानं तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला, चाक खांद्यावर घेतलं, कोपऱ्यातला हवेचा पंप उचलला.

"चला."

"तुम्ही… देताय?"

"मी देतोय. तिचं मी कसं सांगू?"

दोघांनी मिळून चाक बसवलं. नट आवळले. जॅक खाली घेतला.

सुस्स्स्…

टणक भरलेलं चाक डोळ्यांदेखत जमिनीला टेकलं.

एकनाथनं चाक हातानं चाचपलं. खिळा नव्हता, काटा नव्हता. पंप लावला. हवा भरली. पंप काढला.

सुस्स्स्…

पुन्हा भरली. पुन्हा…

मग तो उठला आणि मागच्या काचेपाशी गेला. डाव्या. बंडोपंत उजवीकडं होते.

"गोजरा," तो हळू म्हणाला. "पुरं झालं आता. म्हातारं मानूस हाय."

क्षणभर पाऊसही थांबल्यासारखा वाटला.

मग आतून आवाज आला.

टक्.

चारही दारांना कुलूप लागलं. त्या गाडीला चारी दारं एकदम लागायची सोयच नव्हती.

निरंजननं किल्ली फिरवली. फिरेना. काचेवर दगड घातला. दगड फुटला.

आत बंडोपंत बसले होते. तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता. त्यांनी हात वर केला होता. जावयाकडं नाही, एकनाथकडंही नाही. समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत ते हात करत होते. थांबा… थांबा…

जणू समोरून कुणाची तरी गाडी येत होती. आणि जात होती. एकामागून एक.

शेवटी हात खाली आला.

दारं आपोआप उघडली.

एकनाथनं खाली वाकून टायरला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

टायर टणक होता. तुडुंब भरलेला.

पौडपर्यंत गाडी कुठं अडखळली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, उशीर झाला. कागदावर तसंच आहे. शुभांगीला निरंजननं एवढंच सांगितलं, की टायर फुटला होता. काच वर घेतल्याचं सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. ती कधीमधी विचारते, शेवटी आबा काही बोलले का हो… मग तो उठून पाणी प्यायला जातो.

एकनाथचं चाक त्यानं नेऊन दिलं. एकनाथनं ते धुऊन पुन्हा ओसरीला लावलं. नाहीशी झालेली स्टेपनी मात्र कुणालाही, कुठंही मिळाली नाही.

गाडीला गिऱ्हाईक मिळेना. निरंजननं ती टेम्पोत घालून नेऊन कोंडिबाच्या दुकानामागं उभी केली. तीन चाकांवर आणि एका दगडावर. काचा लावलेल्या असतात, पण पाऊस पडला की मागची सीट डावीकडं ओली होते. दोन पावसाळे गेले. त्या तीन चाकांतली हवा कधी कमी झालेली नाही.

निरंजनला हे कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. एका दुपारी त्यानं कोंडिबाला सगळं सांगितलं. सरकलेले बंडोपंत, दोघांचा श्वास, आतून लागलेली दारं, सगळं. कोंडिबा हातातलं काम ठेवून ऐकत होता. ऐकून झाल्यावर कितीतरी वेळ त्यानं मागं उभ्या गाडीकडं टक लावून बघितलं.

मग डोकं खाजवत म्हणाला, "सायेब, राग येनार नसंल तर येक इचारू? ती मागची शीट मी दुकानात घिऊ का? गिऱ्हाइकाला बसाया बाकडं न्हाई. येका अंगाला ती बसंना का बापडी… तिघांची शीट हाय."