वाळीतला बाक

जर्मनीतल्या ल्युबेकला नोव्हेंबरात दुपारी चारलाच अंधारून येतं. बाकी ठिकाणी मी तिखटमीठ लावीन, पण एवढं खरं.

आपला जयंत तिथे पीएचडी करत होता. विषय असा, की हान्सा, म्हणजे मध्ययुगातला व्यापारी शहरांचा बलाढ्य संघ, बुडाला कसा? त्या दिवशी त्याच्या लेकीचा, अन्वीचा वाढदिवस. संघाच्या जुन्या सभागृहातल्या बाकांचे फोटो काढायचे आणि केक घेऊन घर गाठायचं, एवढंच काम.

सभागृह सांभाळणारी फ्राऊ पेटर्सन बाकांवरून फडकं फिरवत होती. "आल्झो, तर मग, का बुडाला?"

"हेरिंग मासे दुसऱ्या समुद्रात गेले, डचांची जहाजं आली, राजे शिरजोर झाले. त्यात ही भाऊबंदकी. जे शहर ऐकेना, ते वाळीत!"

"कोपऱ्यातला बाक त्या वाळीतल्यांचा. त्यावर बसू नका."

"अहो, आम्ही या खेळातले जुने खेळाडू! यंदा इथल्या आमच्या गणपती मंडळातून मी भास्करला वाळीत टाकलं. त्याच्या पोरीला आज बोलावणंसुद्धा नाही." आणि हसत हसत बसला की हा त्याच बाकावर, सेल्फी काढायला!

खारवलेल्या माशांचा उग्र दर्प आला. रिकाम्या बाकांवरून जड लोकरी कापडाची सळसळ झाली... पुष्कळ माणसं एकदम पाठ फिरवून बसावीत तशी.

"फ्राऊ पेटर्सन... ऐकलंत?"

म्हातारीनं कोपऱ्यातला बाक पुसला. जयंतच्या मांड्याही पुसल्या, लाकूड पुसावं तशा, सावकाश. मग दिवे मालवून निघून गेली.

बेकरीतल्या पोरीनं त्याच्या मागच्याला विचारलं, काय हवं. बसवाल्यानं तोंडावर दार लावलं. फोन केला तर बायको, देवश्री, नुसती "हॅलो... हॅलो?" करत राहिली. रिकाम्या हातांनी, धावत, धापा टाकत त्यानं घराची बेल दाबली.

दार अन्वीनं उघडलं. आत पोरांचा कल्ला चालला होता.

"अनू... बाबा आलाय गं..."

ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. टक लावून.

"कोण आहे गं?" आतून देवश्री.

"नीमांड," अन्वी म्हणाली. कोणी नाही. आणि गालात हसली.

दार बंद झालं. अंगात तिच्या पातळसा झुळझुळीत फ्रॉक होता. ती वळली तेव्हा दारामागून आवाज आला तो मात्र जड लोकरी कापडाचा.