खिळ्यावरचे डूल

“बिल्ला?”

मान वर न करता त्याने विचारले. समोरच्या बाकावर शिलाईचे एक मशीन उताणे पडले होते आणि त्याच्या पोटात ह्या गृहस्थाचा हात मनगटापर्यंत गेलेला होता. बाहेर रिमझिम लागली होती. माझ्या छत्रीतून निथळणाऱ्या पाण्याने त्याच्या स्वच्छ फरशीवर तळे साचत होते.

“कसला बिल्ला?” मी विचारले.

“कारखान्याचा. वस्तू न्यायची तर तिच्या खिळ्यावर आपला बिल्ला लावायचा.”

“माझ्याकडे नाही.”

“मग मशीनही नाही.”

एवढे बोलून त्याने वर पाहिले... आणि पुढचे बोलणे विसरला. ही मी फुशारकी मारत नाही. तो विसरला, हे मी समोर उभी राहून पाहिले, म्हणून सांगते.

“म्हणजे — तसं काही नाही...” तो सावरत म्हणाला. “दुसरं काही ठेवलंत तरी चालेल. जिच्यासाठी परत यावंसं वाटेल, अशी कुठलीही वस्तू.”

मी डाव्या कानातले डूल काढून त्याच्यासमोर धरले. आईच्या मागे तिची ही डुलांची जोडी, एवढी एकच आठवण माझ्याजवळ उरली होती. ह्या डाव्या डुलाचा खालचा मोती कधीच गळून गेला होता.

“एकच?” त्याने विचारले.

“मशीन एकच आहे.”

“उजव्या कानाला एकटं वाटेल.”

“उजव्या कानाची काळजी तुम्ही करू नका. मशीनचा पट्टा सैल दिसतोय, त्याची करा.”

त्याने डूल खिळ्यावर लावले. इतक्या जपून, की जणू ते कानालाच लावतो आहे. मी छत्री उघडून निघाले, आणि दाराबाहेर पडेपर्यंत मागे वळून पाहिले नाही. पाहावेसे वाटले नव्हते, असे मात्र मी म्हणणार नाही.

मी तिथे का गेले, ते सांगायला हवे. आमच्या गावचा कापडकारखाना बंद पडला, त्याला बरेच महिने झाले होते. कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागले, पण फाटकाबाहेरचे कॅन्टीन कामगारांनी सोडले नाही. ज्याच्या घरी थोडे अधिक होते तो तिथे धान्य आणून ठेवी आणि ज्याच्या घरी कमी पडे तो ते घेऊन जाई. एका कोपऱ्यात कारखान्याच्या जुन्या टायपिस्टबाई बसत. कुणाला नव्या नोकरीसाठी अर्ज करायचा असो, कुणाला सरकारी मदत कुठे मिळते ते विचारायचे असो, त्या सगळ्यांना वाट दाखवीत. आणि मागच्या खोलीत अवजारे होती. करवत, शिडी, रंधा, इस्त्री, शिलाईचे मशीन, ज्याला ज्या साधनावर चार पैसे मिळवता येतील ते त्याने न्यावे. भाडे नव्हते. नियम दोनच. पहिला खिळ्यावरच्या बिल्ल्याचा, तो कारखान्याच्या भांडारातून तसाच चालत आला होता. दुसरा कामगारांनी स्वतः घातलेला: वस्तू नेली तशी परत आणायची नाही, नेली त्याहून बरी करून आणायची.

बाबा त्याच कारखान्यात कापड तपासनीस होते. तागेच्या तागे त्यांच्या हाताखालून जात आणि एक चुकार धागा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कारखाना सुटल्यापासून ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसत. पितळी बिल्ला त्यांच्या खिशात असे, पण त्या कॅन्टीनची पायरी चढायला ते तयार नव्हते. “फुकटचं घेणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही,” हे त्यांचे शेवटचे ठाम वाक्य. त्यानंतर घरात त्यांचा आवाज उरला नव्हता.

आणि घरही राहते की नाही, अशी वेळ आली होती. आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याने तिच्या धाकट्या भावाकडे जायचे, बाबांनी त्यांच्या चुलत्यांकडे, आणि मी मामाकडे, असे नातेवाइकांनी आमची वाटणी करण्याचे परस्पर ठरवून टाकले होते. फर्निचर वाटून घ्यावे तसे! तेवढ्यात मला एका इस्पितळाकडून उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. ते चोख झाले, तर दर महिन्याला मिळणार होते. नाही झाले, तर आम्ही तिघे तीन घरी.

“लाज वाटते?” आत्याने मला विचारले होते. “मग ती घरी ठेवून जा, मी सांभाळते. येताना मशीन आण.”

त्याच संध्याकाळी तो हातगाडीवर मशीन घालून आमच्या दारी आला. सगळे त्याला फिटर म्हणत; कारखान्यात तो मागांची दुरुस्ती करी. मशीन घरात ठेवताना त्याने माझ्या रिकाम्या कानाकडे पाहिले आणि लगेच नजर खाली वळवली.

“पट्टा बदललाय,” तो म्हणाला. “राणीसाहेबांचा हुकूम होता.”

“ही कोण राणीसाहेब?” आत्याने विचारले.

“मशीनचं नाव आहे ते,” तो बेधडक म्हणाला. आत्या पदरात तोंड लपवून हसली. मी हसले नाही. तो गेल्यावर हसले.

दर शनिवारी मशीन तेलपाण्यासाठी परत न्यायचे असे. पहिल्या शनिवारी मी मशीनला उरलेल्या कापडाची खोळ शिवून नेली आणि तिच्या कोपऱ्यावर एक निळे फूल काढले. नियम म्हणजे नियम. त्याने फुलावरून बोट फिरवले.

“हे मशीनसाठी?”

“मग काय, तुमच्यासाठी?”

“नाही, म्हणजे... मशीनला फुलं आवडतात की नाही, मला ठाऊक नव्हतं.”

“आणि तुम्हाला?”

त्याच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. पुढच्या सोमवारी मशीन घरी आले तेव्हा पायाखालचा पायटा बिनआवाज चालत होता. मी खोळीवर दोऱ्याची रिळे ठेवायला कप्पा शिवला. त्याने सुई ओवताना दिसावे म्हणून छोटा दिवा बसवला. आमची ही चढाओढ सगळ्या कॅन्टीनच्या लक्षात आली होती. टायपिस्टबाई एकदा चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, “हे मशीन आणखी बरं झालं, तर ते बोलायला लागेल. आणि ते बोललं, तर तुमची दोघांची पंचाईत होईल.”

अभ्रे देण्याचा दिवस जवळ आला आणि त्याच आठवड्यात फिटरने कळस केला. मशीनला मोटर बसवली! कुठल्याशा बंद पंख्याची, स्वतः दुरुस्त केलेली.

“आता पायाला कष्ट नाहीत,” त्याचे डोळे चमकत होते. “नुसतं बोट टेकवा, की टाके धावतील. चालवता येईल ना?”

“न यायला काय झालं?” मी म्हणाले. शिलाईतले काही मला येत नाही, असे कुणी म्हणावे आणि मी ऐकून घ्यावे?

टाके धावले. खरोखरच धावले. थप्पी बघता बघता वाढत गेली, आणि मी मनातल्या मनात त्याला शाबासकी देत होते. तेवढ्यात, इतक्या महिन्यांत जो आवाज ऐकला नव्हता तो भिंतीकडून आला.

“टाके ओढतंय.”

मी बोट उचलले. “काय म्हणालात, बाबा?”

“दोरा ताणला जातोय. आवाज ऐक. कापड रडतंय.”

मी अभ्रा उलटून पाहिला. शिवणीला चुण्याच चुण्या पडल्या होत्या. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. सगळी थप्पी तशीच. परवा ते इस्पितळात द्यायचे होते.

मी तशीच पावसात निघाले. छत्री घ्यायचीही शुद्ध राहिली नाही. फिटर शिडीला खिळा ठोकत होता.

“नेली त्याहून बरी!” मी एक अभ्रा त्याच्यासमोर टाकला. “ही तुमची सुधारणा! कुणी सांगितली होती?”

त्याने अभ्रा उजेडात धरला आणि त्याचा चेहरा उतरला.

“ताण... मोटरचा वेग वाढला, दोऱ्याचा ताण कमी करायला हवा होता. मला मागांचं कळतं, शिलाईचं—” तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, “तुम्ही शिवताना तुमचा पाय दुखतो, असं आत्या म्हणाल्या होत्या. म्हणून...”

मी भिजून उभी होते. रागाचे आणखी पुष्कळ शब्द माझ्याजवळ तयार होते. ते कुठे गेले, देव जाणे.

“चला,” मी म्हणाले. “हात आहेत ना? उसवायला बसा.”

त्या दुपारी त्याने मोटर काढली, पायटा जोडला आणि मग आमच्या जमिनीवर मांडी घालून उसवायला बसला. लोखंडाची सवय असलेली ती बोटे! एक टाका सोडवताना त्याचा श्वास अडकत होता. आत्या म्हणाली, “अरे, साप आहे का तो? चावणार नाही.”

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबांनी ती भिंतीकडून वळवली होती.

“असं उसवतात?” ते गरजले. “कापड फाडशील. आण इकडे.” त्यांनी त्याच्या हातून सुई घेतली. “दर चौथा टाका तोड. मग मागून दोरा ओढ. बघ. आलं?”

“आलं, काका.”

“काय आलं? करून दाखव.”

त्याने करून दाखवले. बाबांनी तपासले, नापास केले, पुन्हा करायला लावले. मी मशीनवर बसून सरळ शिवण घालत होते, आणि माझ्या पाठीमागे घर पुन्हा घरासारखे बोलत होते. मान वळवून पाहिले, तर फिटर माझ्याकडेच पाहत होता. ह्या वेळी त्याने नजर वळवली नाही. मीही नाही.

“नजर कापडावर!” बाबा म्हणाले.

अभ्रे वेळेवर गेले आणि इस्पितळाने पुढच्या महिन्याचे काम दिले. त्या शनिवारी मशीन परत न्यायला बाबा स्वतः निघाले. कॅन्टीनच्या पायरीशी क्षणभर थबकले. मग खिशातून बिल्ला काढून टायपिस्टबाईंना म्हणाले, “घ्यायला आलो नाही. तुमच्याकडची कापडं कुणी तपासतं की नाही?” कुणीच तपासत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून बाबा तिथे जाऊ लागले.

आणि मग, सगळे सुरळीत होत असतानाच, फिटरला नोकरी लागली. टायपिस्टबाईंनी त्याच्याकडून करून घेतलेल्या अर्जाला यश आले होते. पण कारखाना दूरच्या शहरात होता.

“अभिनंदन,” मी म्हणाले.

“अवजारांची खोली काकांच्या हाती देऊन जातोय.”

“चांगलं केलंत.”

“मशीनला तेल घालायला विसरू नका.”

“नाही विसरणार.”

“आणि...”

“आणि?”

“काही नाही.” तो हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाला. “मशीनला सांगा, मला फुलं आवडतात.”

तो गेला त्या सकाळी मी अवजारांच्या खोलीत गेले. मशीन जागेवर होते, त्यावर माझी खोळ होती. काम पुढेही चालणार म्हणून डूल तिथल्या खिळ्यावर कायमच राहिले होते. पण आज खिळ्यावर डूल नव्हते. त्याच्या जागी एक पितळी बिल्ला लटकत होता. फिटरचा.

“बाबा, हे काय?”

बाबा कापड घडी करीत होते. “वस्तू न्यायची तर बिल्ला लावायचा. त्याने लावला,” ते शांतपणे म्हणाले. “नियमात बसतं. मी तपासलं.”

मी रागावायला हवे होते. आईची वस्तू होती ती. पण तिथून बाहेर पडताना मी काय करीत होते ठाऊक आहे? गुणगुणत होते.

पावसाळा संपला, थंडी आली. मी रोज एका कानाने हिंडले आणि रोज त्या बिल्ल्याला पॉलिश केले. एका शनिवारी मी मशीन परत द्यायला गेले, तर तो दारात उभा. नव्या कामाचा निळा सदरा, हातात रुमालाची छोटी गाठ.

“उसनी नेलेली वस्तू परत करायची होती,” तो म्हणाला.

गाठ सुटली. आईचे डूल. आणि त्याच्या खाली, कित्येक वर्षांनी, मोती.

“उजव्या कानातल्यासारखाच मिळायला हवा होता,” तो घाईघाईने सांगू लागला. “तिथल्या सगळ्या दुकानांत फिरलो. नेली त्याहून बरी... ह्या वेळी तरी झाली का?”

माझ्या डोळ्यांत पाणी आले होते, पण मी ते त्याला दिसू दिले नाही. “बरी झाली,” मी म्हणाले. “तुमचा बिल्ला घ्या आणि खिळा मोकळा करा. मलाही एक वस्तू न्यायची आहे.”

“कुठली?”

“समोर उभी आहे ती.”

तो पुन्हा बोलणे विसरला. बाबांनी कापडाच्या मागे तोंड लपवले.

“बि—बिल्ला?” तो कसाबसा म्हणाला.

मी त्याच्या तळहातावरचे डूल उचलले आणि खिळ्यावर लावले.

“परत कधी आणाल?” त्याने विचारले. आता त्याचे डोळे हसत होते.

“नेली त्याहून बरी झाली, की.”

ती खोली अजून आहे. अजूनही तिथे अडलेली माणसे येतात आणि ताठ मानेने अवजारे घेऊन जातात. खिळ्यावरचे डूल कुणी हलवत नाही, आणि माझ्या डाव्या कानात आजही काही नाही. वस्तू अजून माझ्याकडेच आहे. हे लिहीत असताना आतल्या खोलीतून खटखट ऐकू येते आहे. कुणीही सांगितलेले नसताना माझ्या चांगल्या चालत्या पंख्यात त्यांची सुधारणा सुरू आहे.

तेव्हा परत करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते अजून बरे झालेले नाहीत.