बत्तिसावं पान

हसू नका, पण आमच्या मासिकाला वाचकांची पत्रं यायची थांबली, तेव्हा ती मीच लिहायला लागलो. लोक मोबाइलवर वाचू लागले होते आणि बत्तिसावं पान, पत्रांचं, कोरं कसं सोडणार?

माझ्या सर्वांत लाडक्या वाचक म्हणजे 'खिडकीतल्या आजी'. अकरा वर्षं मी त्या सहीने पत्रं रचली. उजवा हात लुळा, म्हणून डाव्या हाताने लिहिणाऱ्या, आणि शेवटी हमखास विचारणाऱ्या, "पुढचा अंक कधी?" खिडकी, खुर्ची, चष्मा मी माझ्या आईचा उचलला होता. आईचे दोन्ही हात मात्र धडधाकट होते. आमच्या मासिकाला तर ती कधी हातही लावत नसे.

मासिक बंद करायचं ठरलं. शेवटचा अंक वाचून चार लोकांच्या डोळ्यांत पाणी यावं, म्हणून मी आजींना मारून टाकलं. त्यांच्या भाच्याचं पत्र रचलं: मावशी गुरुवारी दुपारी चार वाजता गेली, चष्मा नाकावर, बोट बत्तिसाव्या पानावर.

त्या गुरुवारी दुपारी मी कार्यालयातली कपाटं आवरत होतो. टपालात एकच पाकीट होतं. अक्षर वेडंवाकडं, डाव्या हाताचं.

"मी गेलेली नाही. पण तुम्ही छापलंच आहे, तर कुणीतरी जायला हवं. तुमच्या घरी निघाले आहे."

कुणीतरी टर उडवतंय, असं वाटलं. पण तो अंक अजून बाहेर कुणी पाहिलाच नव्हता! मी छापखान्यात फोन लावला.

"ते शेवटचं पान थांबवा!"

"सकाळीच छापलं, साहेब. बांधणी उद्या."

पावणेचार झाले होते. बायको कामावर, मुलगी शाळेत, घरी आई एकटी. तिला फोन लावला.

"अरे, तुझ्या एक वाचक आल्यात," आई हळूच म्हणाली. "हात लुळा आहे रे बिचारीचा... अंक आणलाय माझ्यासाठी. म्हणतात, खिडकीशी बसून वाचा... उजेड छान आहे..."

"आई, त्यांना बाहेर काढ!"

"असं काय बोलतोस? ऐकतायत त्या..."

फोन तुटला. मी धावत सुटलो.

आई खिडकीशी बसली होती. चष्मा नाकावर. अंगात ऊब होती, श्वास नव्हता. मांडीवर शेवटचा अंक, व्यवस्थित बांधलेला, आणि बोट बत्तिसाव्या पानावर. घरात दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी काय सांगणार? माझ्या आईला मीच मारलं होतं, चार गोड ओळींसाठी.

तेव्हापासून दर महिन्याला पाकीट येतं. "पुढचा अंक कधी?" मग मी अंक काढतो. बत्तीस पानं, एकच प्रत. रात्री तो आईच्या खुर्चीवर ठेवतो, सकाळी नसतो. पत्रांच्या पानावर आता सगळे सुखरूप असतात, आजारीसुद्धा कुणी पडत नाही.

कालच्या पाकिटात मात्र एक ओळ जास्त होती. मुलगी कितवीत आहे, म्हणून विचारलंय.