केतकीच्या नखांतली माती

मंगळावरच्या धवलनगर वसाहतीत तीन वर्षांत काहीही कुजलं नव्हतं. हरितगृहात गळलेली पानं जशीच्या तशी पडून होती आणि वालाची रोपं पिवळी पडून माना टाकत होती.

मृदाशास्त्रज्ञ डॉ. नसीमा मुजावर यांनी उपटलेलं एक रोप प्रयोगशाळेच्या टेबलावर, डॉ. मोरेश्वर लोंढे यांच्यासमोर ठेवलं.

"सर, मुळांवर एकही गाठ नाही. त्या गाठींत जीवाणू राहायचे, हवेतला नत्र रोपाला पुरवायचे. मेलेलं कुजवून परत मातीला द्यायचे तेही जीवाणूच. माणसांचंही तेच झालंय. पोटात जीवाणू नाहीत, म्हणून अन्न अंगी लागत नाही. रक्त गोठायला लागणारं एक जीवनसत्त्वही तेच बनवायचे; आता जरा खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही."

लोंढे मान खाली घालून ऐकत होते. हे त्यांनीच केलं होतं. तीन वर्षांपूर्वी एक जीवाणू त्यांच्या लेकीच्या, केतकीच्या रक्तात शिरला आणि अकरा वर्षांची पोर दोन दिवसांत गेली. महिन्याभरात त्यांनी 'सर्वजंतुघ्न' तयार केलं. जीवाणूच्या, बुरशीच्या पेशीभोवतीची भिंत ते विरघळवायचं. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसते आणि रोपांची भिंत वेगळी, त्यामुळे माणूस आणि रोपं सुखरूप. हवेत, पाण्यात, अन्नात, सगळीकडे ते सोडलं गेलं. ते विरून गेलं तोवर एकही जीवाणू उरला नव्हता. वसाहतीनं लोंढेंना डोक्यावर घेतलं होतं.

"पृथ्वीवरून जीवाणू मागवू," लोंढे म्हणाले.

"यानाला चौदा महिने लागतील. धान्य पाच महिन्यांचं आहे. आणि भांडारातल्या जीवाणूंच्या कुप्या तुम्हीच जाळायला लावल्यात." नसीमांनी रोप बाजूला सरकवलं. "जुने जीवाणू एकाच ठिकाणी असतील. घुमटाबाहेर, गोठलेल्या जमिनीत. केतकीला आपण फवारणीच्या आधी पुरलं होतं."

लोंढे ताडकन उठले. दर रविवारी ते बाहेर जात, वरची फरशी सरकवत आणि पेटीच्या काचेतून तिचा चेहरा बघत. पापणीचा एक केसही गळला नव्हता.

"नमुना घ्या. तिला हलवू नका."

"थंडीनं बहुतेक मेले असतील, सर. जे तग धरून आहेत ते नेमके कुठे, कसं सांगू? तिला उबेत आणावं लागेल, वाफ्यात ठेवावं लागेल. दिवसभर मातीत खेळायची ती. नखांत माती असेल."

"तिला मारणारा जंतूही जागा होईल."

"होईल. त्या एकट्याला मारणारं औषध माझ्याकडे तेव्हाच तयार होतं. ती गेल्यावर दहाव्या दिवशी सांगायला आले होते मी. तुम्ही दार उघडलं नाहीत."

लोंढेंनी स्वतःच तिला आत आणलं. वाफ्याशेजारी ते चार दिवस बसून राहिले. बर्फ वितळला, गाल मऊ झाले. झोपल्यासारखीच दिसत होती. पाचव्या दिवशी सकाळी हनुवटीखाली हिरवट डाग उमटला. मग वास आला.

"कुजण्याचा वास येतोय!" बाहेर कुणीतरी ओरडलं. माणसं धावत आली. हसत, रडत एकमेकांच्या गळ्यात पडली. सूक्ष्मदर्शकावरून नसीमांनी हाक मारली, "सर, हलताहेत! बघायला या ना!"

लोंढे गेले नाहीत. त्यांनी ओंजळ भरून माती घेतली आणि तिच्या तोंडावर हलकेच लोटली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते शब्द निघाले, "गेली हो माझी पोर."