आत्याच्या कपाटातलं गाणं

वाचनालयातल्या शनिवारच्या रेकॉर्डिंगच्या वर्गाला ती उशिरा पोचली. धापा टाकतच तिनं हेडफोन कानाला लावला, आणि कानात तिचं गाणं नव्हतंच. एक दार सरकत होतं, खट् मिटत होतं... आणि त्याच खटक्यावर कुणीतरी झकास ठेका बसवला होता.

"वायरींची अदलाबदल झालीय," शेजारचा ओशाळून म्हणाला. "लिफ्टचं दार आहे ते. मी लिफ्ट दुरुस्त करतो."

ती वाचा-उपचार करायची. पक्षाघातानं बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे तिचं काम. अडलेला शब्द कधीकधी सुरातून सुटतो, म्हणून ती रुग्णांसाठी छोटी गाणी रचायची. सध्या एका निवृत्त मास्तरांसाठी रचत होती. मास्तरांना बायकोला पूर्वीसारखं "अगं, ऐकतेस का?" म्हणायचं होतं, आणि तीन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारी ते घरी जाणार होते. ते गाणं घरीच नीट रेकॉर्ड करता यावं म्हणून हा वर्ग.

वर्गात दोन सॉफ्टवेअर शिकवत. तिला रीपर आवडलं, कारण गाणं वहीतल्या ओळीसारखं डावीकडून उजवीकडे जायचं. त्याचा जीव दुसऱ्यावर, एबलटनवर. चौकटींत गाण्याचे तुकडे ठेवा, हवा तो हवा तेव्हा वाजवा. तिनं त्याला पसारा म्हटलं, त्यानं तिच्या रीपरला शाळेचं वेळापत्रक. हा वाद जिना उतरून चहापर्यंत गेला, आणि पुढचे दोन शनिवारही पुरला. शुक्रवारीच तिला उद्याचे मुद्दे सुचायला लागले होते.

रविवारी तो माईक घेऊन तिच्या घरी आला; ती आत्याकडे राहायची. खोलीत आवाज घुमत होता, म्हणून दोघं आत्याच्या कपड्यांच्या कपाटात शिरली. तो माईक धरून, ती गुडघे पोटाशी घेऊन. गाताना कोटाची लोकर तिच्या नाकाला गुदगुल्या करत होती, आणि त्याची नजर... लॅपटॉपच्या पडद्यावर नव्हती.

"घरात इतक्या खुर्च्या आहेत," आत्या बाहेरून म्हणाली, "पण बसा बापडे."

गाणं छान झालं. पण सोमवारी मास्तर मागेच पडले. त्यांचा पहिला शब्द फुटेपर्यंत ओळ पुढे निघून जायची. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं त्याला हे फोनवर सांगितलं. त्यानं फक्त सगळे ट्रॅक पाठवायला सांगितले.

गुरुवारी तो कामाच्या कपड्यांतच रुग्णालयात आला. तिचं गाणं त्यानं तुकड्या-तुकड्यांनी चौकटींत ठेवलं होतं. मास्तर तयार झाले की पुढचा तुकडा, तोवर नुसता संथ ठेका. तो मास्तरांच्या ओठांकडे बघत बसला. एक मिनिट गेलं, दोन गेली... त्याचं बोट हललं नाही. इतकं शांतपणे कुणी कुणासाठी थांबतं, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. आणि मग मास्तर सुरात, वेडंवाकडं, पण पुरतं म्हणाले, "अगं... ऐकतेस का?"

"ऐकतेय की," पलंगाशेजारी बसलेल्या त्यांच्या बायको म्हणाल्या, आणि ड्रेसला पदर नसल्यामुळे त्यांनी नवऱ्याच्याच बाहीला डोळे पुसले.

बाहेर येऊन ती म्हणाली, "हरले मी. पसारा चांगला आहे."

"मला दोन्ही सॉफ्टवेअर आधीपासून येतात," तो हळूच म्हणाला.

"मग वर्गाला कशाला येता?"

"पहिल्या दिवशी सहज बघायला आलो. नंतर... तुमच्या शेजारी बसायला मिळतं म्हणून."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"'तुमच्या' नको," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."

त्यानं तोंड उघडलं, आणि शब्द घशातच राहिला. ती हसली नाही, घाईही केली नाही. शब्द अडलेल्या माणसापाशी कसं उभं राहायचं, हे तिला ठाऊक होतं.

"तुझ्या," तो म्हणाला. दुसऱ्या खेपेला त्याला छान जमलं.