चाळलेली वाळू

"माझ्या ओळखीतले दोघे भाऊ होते, साप पकडायचे," असं म्हणून गोदामाच्या रखवालदारकाकांनी गोष्ट सुरू केली. पायरीवरच्या पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. उठून जायचंही त्राण नव्हतं.

काका सांगत होते.

"थोरला पिशवीत वाळू ठेवायचा. पिठाच्या चाळणीनं चाळलेली, सापाला खडा टोचू नये म्हणून. बायको म्हणायची, 'पिठात कचकच लागते हो, माझी चाळणी तरी सोडा.' डुरक्या घोणस आणि खरी घोणस, दोन्ही अंगानं जाड, पाठीवर तपकिरी डाग. डुरक्या बिनविषारी. त्याची शेपूट आखूड, बोथट. शेपूट दिसली नाही, तर थोरला समोर वाळू पसरायचा. डुरक्या जमिनीत राहणारा, वाळू लागली की नाक खुपसून आत शिरतो. घोणस वरून जाते. एकदा फार दमला होता. वाळू न पसरताच वाकला... तेवढंच.

तो गेल्यानंतरची एकविसावी रात्र. मंगळवार. दीड वाजता पोत्यांत साप निघाला. मी फोन केला, धाकटा आला. डोळे लाल.

'डुरक्याच आहे, काका.'

'शेपूट बघितलीस?'

'पोत्याखाली आहे.'

'मग वाळू टाक की.'

'आणली नाही. आजचा हा सहावा साप. जाऊ द्या ना.'

तो वाकला. आणि दिवे गेले. मी बॅटरी चाचपतोय... माझ्या शेजारी कुणीतरी दमल्यासारखा श्वास सोडला. धाकटा तर पुढे होता. मग सर्र... काहीतरी सांडलं.

बॅटरी लागली. सापासमोर वाळू. हातानं सारखी केलेली.

साप पुढे आला. थांबला. आता नाक खुपसेल... नाही. वरून सरकला. शेपूट बाहेर आली. लांब. निमुळती.

मग कुकरची वाफ सुटावी तसा फुत्कार.

धाकट्याचा हात वीतभर वर होता."

पोरांतल्या एकानं विचारलं, "वाळू टाकली कुणी?"

"मला काय विचारतोस," काका म्हणाले.

पुढचं काकांना ठाऊक नाही. त्या पहाटे मी घरी आलो तेव्हा वहिनी ओट्यापाशी उभी होती. दादा गेल्यावर तिनं चाळणी धुऊन खिळ्याला अडकवली होती. नंतर त्या चाळणीला कुणी हात लावला नव्हता.

"चाळणी तू काढलीस का रे?"

चाळणी ओट्यावर होती. आत तीन-चार खडे.