कॉफीला याल?

दुपारी चष्म्याचं दुकान बंद करायला ती उठली, तेवढ्यात एक अनोळखी माणूस दारात उभा. हातात चष्मा, त्याची काडी ढिली. व्हायोलिन शिकवतो म्हणाला; वाजवताना मान तिरकी केली की चष्मा थेट नाकाच्या शेंड्यावर.

तिनं स्क्रू आवळून चष्मा त्याच्या कानांवर नीट बसवला.

"दिवसभर लोकांचे डोळे तपासता," तो म्हणाला, "तुमच्या डोळ्यांकडे कोण बघतं?"

लग्नाला नऊ वर्षं झालेल्या बाईला असं कुणी विचारत नाही. ती हसली... आणि घरी पोचेपर्यंत हसतच राहिली.

मग ती काडी दर दोन दिवसांनी ढिली व्हायला लागली. हा मुद्दाम करतो, हे तिला कळत होतं. तरी ती स्क्रू आवळत राहिली. कपाटाच्या तळाशी गेलेले निळे कानातले वर आले. भांडी घासताना ती गुणगुणू लागली.

गुरुवारी त्यानं विचारलं, "उद्या... कॉफीला याल?"

"बघते," ती बोलून गेली.

संध्याकाळी नवरा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. छापखान्यात काम करणारा, मोजकं बोलणारा माणूस.

"आठवडाभर खूश दिसतेयस," तो म्हणाला. "कुणामुळे, माहीत नाही. पण ज्याच्यामुळे असेल त्याचे उपकारच. मला मेल्याला हे जमलं नाही..."

तिला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं. त्याचे हात शर्टावर थांबले.

"जाणार आहेस?"

"तू नको म्हणालास तर—"

"ते तुझं तू ठरव. तू मला हवी आहेस, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं. बरीच वर्षं."

दुसऱ्या दिवशी व्हायोलिनवाला आला.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. मनापासून आभार."

तो जरा ओशाळला, मग हसला. "मग आता काडी पक्की आवळा."

दुकान लवकर बंद करून ती छापखान्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. नवरा बाहेर आला आणि दचकलाच.

"काय गं, काही झालं का?"

"काही नाही. तुला न्यायला आले."

"मला?" त्याचे कान लाल झाले. नऊ वर्षांत तिनं त्याला लाजताना पाहिलं नव्हतं. तिनं हात पुढे केला.

"अगं, शाई आहे हाताला—"

"असू दे," म्हणत तिनं तो हात घट्ट धरला.